तोडलेल्या वाटा, जोडलेल्या वाटा

नैराश्य म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा तोल जाणे, हे स्पष्टीकरण आपल्या चांगले अंगवळणी पडले आहे. अलीकडे संशोधक जाळ्यांची भाषा बोलतात. मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, यात ते आजाराचे मूळ शोधतात. ही कल्पना नवी म्हणून सांगितली जाते. मला मात्र तिचा एक पूर्वज दिसतो, आणि तो फारसा अभिमानाने सांगावा असा नाही.

नोव्हेंबर १९३५ मध्ये लिस्बनला एगाश मोनिझ यांनी शल्यविशारद अल्मेदा लिमा यांच्याकरवी मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढील भागातले तंतू नष्ट करण्यास सुरुवात केली. त्यांचा तर्क असा : रुग्णाचे विचार ठरावीक जोडण्यांत अडकून पडतात, त्या तोडल्या की मन मोकळे होईल. १९४९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या वाटेने गेलेल्या हजारो रुग्णांपैकी कित्येकांचे व्यक्तिमत्त्वच पुसले गेले. तर्कात जाळे होते. ते पाहायचे साधन नव्हते आणि तर्क तपासायची शिस्तही नव्हती.

साधन १९९५ मध्ये हाती आले. अमेरिकेत मिलवॉकी येथे भरत बिस्वाल यांनी दाखवले की माणूस स्वस्थ पडून असतानाही हालचालींशी निगडित असलेले उजवे-डावे भाग एका लयीत चढउतार करतात. ज्याला केवळ गोंगाट समजले जाई, त्यात जोडणीची खूण निघाली.

पुढे २००५ मध्ये टोरांटोत हेलन मेबर्ग आणि आंद्रेस लोझानो यांनी, कोणत्याही उपचाराला दाद न देणाऱ्या सहा रुग्णांच्या मेंदूत, ‘क्षेत्र २५’ या भागालगत विद्युत्अग्रे बसवली. सहा महिन्यांनी चौघांत ठळक सुधारणा टिकून होती. आशा वाढली. मग ९० रुग्णांची मोठी चाचणी झाली. अग्रे सर्वांना बसवली. ६० जणांचा प्रवाह सुरू केला, ३० जणांचा बंद ठेवला. सहा महिन्यांनी पहिल्या गटात १२ जणांना गुण आला, दुसऱ्यात ५ जणांना. म्हणजे २० टक्के आणि १७ टक्के. फरक नगण्य. चाचणी मध्येच थांबवली गेली.

पण रुग्णांची कहाणी तिथे थांबली नाही. नंतर सर्वांचाच प्रवाह सुरू झाला आणि दोन वर्षांनी जवळपास निम्म्यांना गुण आलेला दिसला. तुलनेला गट उरला नव्हता, म्हणून हा आकडा जपूनच वाचावा लागतो. दरम्यान २०१४ मध्ये, आधीच्या रुग्णांच्या श्वेतद्रव्याचे नकाशे तपासताना एक गोष्ट पुढे आली : बऱ्या झालेल्यांमध्ये प्रवाह चार विशिष्ट तंतुजुडग्यांच्या संगमापर्यंत पोचत होता. नेम स्थानकावर नव्हे, जंक्शनवर धरायला हवा होता. कवटीबाहेरून दिल्या जाणाऱ्या चुंबकीय उपचाराबाबतही २०१२ मध्ये असाच धागा सापडला. कपाळामागच्या ज्या जागेचा क्षेत्र २५ शी व्यस्त संबंध अधिक, तिथे गुण अधिक.

मोनिझ आणि मेबर्ग या दोघांनीही जोडण्यांचाच विचार केला. दोहोंत अंतर पाडले ते बंद ठेवलेल्या त्या ३० यंत्रांनी. कल्पना कितीही मोहक असली, तरी ती खोटी ठरण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. आजही केवळ मेंदूचे चित्र पाहून नैराश्याचे निदान होत नाही. ते रुग्णाशी बोलूनच करावे लागते. अपयशी म्हणून बाजूला पडलेली ती चाचणी म्हणूनच मला या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज वाटते.