गोपद्में : पुसल्या जाणाऱ्या चित्रांचा इतिहास

कलेचा इतिहास लिहितांना आपली दृष्टि सहजच टिकाऊ वस्तूंकडे वळते. अजिंठ्याच्या भिंती टिकल्या, म्हणून त्यांवर ग्रंथ झाले. पण ज्या चित्राचें आयुष्य एका दिवसाचें, त्याची नोंद कोणी ठेवावी? आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या काढलीं गेलेलीं गोपद्में हीं अशींच चित्रें होत.

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध द्वादशीपर्यंत दररोज तेहतीस गोपद्में काढावयाचीं, हा क्रम पांच वर्षें चालवावयाचा आणि मग उद्यापन करावयाचें, हें या व्रताचें स्थूल स्वरूप. श्रीकृष्णानें तें सुभद्रेस सांगितलें, ही चातुर्मासांतील कहाणी वाचकांच्या परिचयाची आहेच. मूळच्या संगमेश्वरच्या विश्वनाथानें काशीस १७३६ त रचलेल्या 'व्रतराजां'तहि या व्रताचा विधि आला आहे. आतां थोडा हिशेब करून पाहावा. चातुर्मासाचे दिवस सुमारें १२० धरले, तर वर्षाकांठीं चार हजारांच्या आसपास आणि पांच वर्षांत वीस हजारांच्या आसपास गोपद्में एकाच हातून उतरतात. गाईच्या खुराचा तो एकच लहानसा ठसा. पण त्याची आवृत्ति केवढी!

व्रताचें वय कांहींहि असो, ज्या कलेच्या आधारानें तें चालतें ती फार जुनी आहे. 'कामसूत्रां'तील चौसष्ट कलांत तांदूळ व फुलें यांच्या रचनेस स्थान आहे. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 'मानसोल्लासां'त रंगीत चूर्णांच्या चित्रास 'धूलिचित्र' असें नांव दिलें आहे.

आकृति एकच राहिली, तरी द्रव्य मात्र स्थलकालानुसार पालटत आलें. देशावर शिरगोळ्याची पूड, तर कोंकणांत भाताचें तूस जाळून केलेली पांढरी राख. सारवलेल्या भुईच्या जागीं शहाबादी फरशी आली, पुढें गुळगुळीत लाद्या आल्या. चिमटीच्या मदतीला पत्र्याचे छाप आले. आणि आतां तर बाजारांत तयार चिकटचित्रें मिळतात. तीं एकदां डकवलीं कीं चार महिन्यांची निश्चिंती!

याच संदर्भांत जपानी चित्रकार होकुसाई याची आठवण होते. वयाचीं ऐंशी वर्षें उलटल्यावर, १८४२ व १८४३ या सालांत, अरिष्टनिवारणार्थ रोज एक सिंह काढण्याचा नेम त्यानें धरला होता. त्याचीं दोनशेंहून अधिक पानें आज क्यूशू येथील राष्ट्रीय संग्रहालयांत जतन केलेलीं आहेत. नेम दोहोंकडे सारखाच. परंतु त्यानें कागदावर काढलें व त्याचें नांव आधींच गाजलेलें होतें, म्हणून पानें उरलीं. आपल्या आज्यापणज्यांचीं गोपद्में केरसुणीखालीं गेलीं.

कोणी म्हणेल, ही कला कसली, हा तर बायकांवर लादलेला नेम. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. नेमाच्या मागें सौभाग्याची चिंता होती, परलोकाचें भय होतें, आणि पहांटे उठण्याचा त्रास घरांतल्या पुरुषांस नव्हता. परंतु त्याच नेमांत, कोणाच्या सेवेंत न जाणारी अशी थोडी वेळ त्या स्त्रीच्या वांट्यास येत असे. तेवढ्या वेळांत रेषा कोठें जाड करावी, कोठें सोडावी, हें ठरविण्यास ती मुखत्यार होती.

म्हणूनच द्रव्य बदललें याचा मला खेद वाटत नाहीं. तें सदाच बदलत आलें आहे. राखेनें काढलें काय आणि पुडीनें काढलें काय, हात रोज नव्यानें फिरत होता. डकवलेल्या चित्रांत आकृति शाबूत राहते, पण तो हात थांबतो. तो थांबण्यापूर्वीं आपापल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस विचारून, कशानें, कशावर आणि कोणाकडून शिकून त्या गोपद्में काढीत आल्या, एवढें प्रत्येक कुटुंबानें लिहून ठेवावें. या कलेच्या इतिहासास दुसरें साधन नाहीं.