नेमाचा दोष आणि मधला गुणक : माउसच्या निदानाविषयी इंदापूरच्या मोजणीवरून काही विचार

संगणकावरील नेमबाजीच्या खेळात नेम वारंवार चुकू लागला, तर दोष कोणाचा मानावा? खेळणाऱ्याच्या हाताचा, हातातील माउसचा, की हाताची हालचाल पडद्यावर नेणाऱ्या गणिताचा? प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा आहे. परंतु त्याचे स्वरूप इतिहासाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. माणसाची कृती आणि तिचे दृश्य फळ यांच्यामध्ये रूपांतराची एखादी पद्धती उभी राहिली, की त्या पद्धतीतील दोषाचा भार बहुधा माणसावरच पडतो. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याची १८२८ नंतरची जमीनमोजणी व आकारणी हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात प्रथम माउसच्या नेमदोषाचे स्वरूप पाहावयाचे असून, नंतर इंदापूरच्या उदाहरणावरून निदानाचा योग्य क्रम कोणता, हे ठरवावयाचे आहे.

डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माउस तयार केला. लाकडी कवच आणि त्याखाली परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके, इतकीच त्याची रचना होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका हाताला तेथे पोहोचण्यास वेळ अधिक लागतो, हे पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच गणिताने मांडले होते. कार्ड, इंग्लिश व बर यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माउसचा वेग या नियमाशी चांगला जुळलेला आढळला. चांगला माउस हाताच्या स्वाभाविक मर्यादेत स्वतःची फारशी भर घालीत नाही, असा याचा अर्थ. १९९६ च्या ‘क्वेक’ या खेळानंतर माउसने केवळ कर्सर न हलविता खेळाडूची दृष्टीच फिरविण्याची रीत रूढ होत गेली. महाराष्ट्रात २००१ साली एम. एस.-सी. आय. टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि बारामती-इंदापूरसारख्या तालुक्याच्या गावांतील असंख्य विद्यार्थ्यांच्या हाती माउस आला. ‘अजून हात बसला नाही’ हा शेरा त्याच्यामागोमाग येणे स्वाभाविकच होते.

हा शेरा खरा मानण्यापूर्वी मधले टप्पे तपासले पाहिजेत. पहिला टप्पा यंत्राचा. जुन्या माउसमधील रबरी गोळी दोन रुळांना फिरवी. रुळांवर धुळीचा थर बसला म्हणजे एका दिशेची हालचाल अडखळे आणि दुसरीची सुरळीत राही. १९९९ पासून प्रचारात आलेल्या प्रकाशीय माउसमध्ये गोळी नाही. एक सूक्ष्म कॅमेरा खालच्या पृष्ठभागाची चित्रे एकामागून एक घेतो आणि त्यांची तुलना करून सरकण्याचे अंतर ठरवितो. काचेवर किंवा अतिशय गुळगुळीत फळीवर त्याला तुलनेसाठी खुणाच सापडत नाहीत, त्यामुळे नेम थरथरतो किंवा उडी घेतो.

दुसरा टप्पा संगणकाच्या मूळ प्रणालीचा. आपण कोठे आहोत हे माउस कधीच सांगत नाही. मागील क्षणापासून किती एकके सरकलो, एवढेच तो कळवितो. या एककांना कोणत्या संख्येने गुणावयाचे, हे प्रणाली ठरविते. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही सोय आली आणि ती मुळातच चालू ठेवलेली असे. तिच्यात गुणक स्थिर राहत नाही. हात वेगाने हलला तर तो वाढतो, सावकाश हलला तर कमी होतो. पत्रलेखनाच्या कामी हे सोयीचे आहे. परंतु नेमबाजीत तेच चार बोटे अंतर एकदा पाव वळण देते आणि एकदा अर्धे. मग हाताने शिकावे तरी काय?

तिसरा टप्पा खेळाचा. खेळ स्वतःची संवेदनशीलता लावतो. काही खेळ आडव्या व उभ्या हालचालींना निराळे गुणक देतात. काही लागोपाठच्या नोंदींची सरासरी काढून हालचाल मऊ करतात आणि त्या मऊपणाची किंमत विलंबाच्या रूपाने घेतात. प्रणालीचा गुणक टाळून माउसची मूळ एकके थेट वाचण्याची व्यवस्था विंडोज एक्सपीपासून उपलब्ध आहे; तथापि खेळाने ती वापरली तरच तिचा उपयोग.

आता इंदापूरकडे वळू. पेशवाईनंतर १८२८ ते १८३० च्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढावयाचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावयाचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यावयाचे, असा त्यांचा सिद्धांत. तत्त्व नेटके दिसते. पण त्याच्या पोटात एक मोठा गुणक दडलेला आहे. समजा, एकूण उत्पन्न १०० व खर्च ८० आहे; निव्वळ उरले २०. उत्पन्नाचा अंदाज केवळ शेकडा १० ने चढा धरला, तर निव्वळ उत्पन्न ३० होते. म्हणजे मुळातील लहानशी चूक शेवटी शेकडा ५० होऊन कुणब्याच्या दारी उभी राहते. त्यात कनिष्ठ कामगारांच्या लाचलुचपतीची भर पडली. भीमा व नीरा यांच्यामधील या कोरडवाहू मुलखात जमिनी पड पडल्या आणि कित्येक कुळे निजामाच्या हद्दीत निघून गेली.

गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापुरात जी दुरुस्ती केली, तिचे महत्त्व केवळ दर उतरविण्यात नाही. निव्वळ उत्पन्नाचे नाजूक गणित त्यांनी सोडून दिले. गावाचा पूर्वीचा वसूल आणि प्रत्यक्ष कुवत पाहून दर ठरविले, आणि ते तीस वर्षे स्थिर ठेवण्याची हमी दिली. या पद्धतीत मातीची नऊ प्रतींत विभागणी केली जाई; १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला सर्व मुंबई इलाख्यासाठी पक्के रूप दिले. स्थिर गुणकाचा लाभ असा की, आपल्या श्रमाचे फळ किती येईल हे शेतकऱ्याला आधी कळू लागले. लागवडीखालील क्षेत्र पुन्हा वाढले.

मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास इंदापूरची फेरआकारणी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत भाव चढलेले होते आणि त्या तेजीची छाया नव्या दरांवर पडली. पुढे भाव उतरले. दर उतरले नाहीत. क्षणिक वेग पाहून गुणक वाढवावा, तसाच हा प्रकार. इंदापुरात मात्र वेग ओसरल्यावरही गुणक चढाच राहिला. आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे येथे १२ मे १८७५ रोजी सावकारांविरुद्ध दंगा उसळला, त्याच्या कारणांत वाढीव साऱ्याचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सारे खापर आकारणीवर फोडणे योग्य नव्हे. तसेच सारे खापर कुणब्याच्या उधळेपणावर फोडणेही योग्य नव्हे.

या दोन्ही उदाहरणांवरून निदानाचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम पृष्ठभाग व यंत्र स्वच्छ करावे आणि दुसरा माउस लावून पाहावा. नंतर मेजावर पट्टी ठेवून खेळातील दृष्टी एका खुणेपासून सावकाश पूर्ण एक फेरा फिरवावी व लागलेले अंतर लिहून ठेवावे. तेच अंतर वेगाने कापावे. दृष्टी खुणेच्या पुढे गेली तर गुणक वेगानुसार वाढतो आहे, म्हणजे प्रणालीतील ती सोय बंद करावी. मागे राहिली तर यंत्राला तो वेग झेपत नाही किंवा खेळ हालचाल कापतो आहे. मग खेळातील आडवे व उभे गुणक ताडून पाहावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर कोणतीने गुण आला, हे कळावयाचे नाही. अखेरीस, गुणक स्थिर आहे अशी खात्री पटल्यावर, तो निदान काही आठवडे बदलू नये.

एवढे करूनही नेम चुकला तर हाताकडे पाहावे. सराव न झालेला हात चुकतोच आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र हा निष्कर्ष तपासाच्या शेवटी यावयाचा असतो, आरंभी नव्हे. इंदापूरच्या कुणब्याच्या वाट्याला तो आरंभीच आला होता, आणि गणित तपासण्यास कोणी बसेपर्यंत त्याचे शेत पड पडून राहिले.