पावसाळी डगल्याची कुळकथा

हिवाळ्यातील पाऊस हा विलायतेच्या प्रवाशाचा जुना वैरी. घोडागाडीच्या टपावर स्वस्त भाड्यात बसणाऱ्या उतारूचा जाड लोकरी डगला भिजून जड होई, आणि ते ओझे अंगावर वागवीतच त्याला मुक्काम गाठावा लागे. ग्लासगोचे रसायनज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश यांनी डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवून, त्याचा लेप दोन वस्त्रांच्या मध्ये देऊन, १८२३ साली ज्या जलाभेद्य कापडाची सनद मिळविली, त्याने हे संकट निवारले खरे. परंतु ते कापड उष्म्यात चिकट, थंडीत ताठर आणि सर्वकाळ दुर्गंधियुक्त असे. टॉमस हॅनकॉक यांनी १८४३ मध्ये रबरावरील गंधकसंस्काराची सनद मागितली आणि ऋतुमानाचा हा दोष ओसरला, तरी घाम आतल्या आत कोंडतच राहिला. अखेर टॉमस बर्बेरी यांनी १८७९ साली सूतच आधी जलरोधक करून घट्ट विणलेले गॅबर्डिन काढले, तेव्हा घामास वाट मिळाली.

घट्ट विणीचे हे मर्म आमच्या धनगरास अपरिचित नव्हते: चिंचोक्यांच्या खळीने ताण्यास बळकटी देऊन विणलेली त्याची घोंगडी, खोळ करून डोक्यावरून घेतली की, सह्याद्रीच्या झडीत छप्पर आणि रात्री अंथरूण, अशी दुहेरी चाकरी बिनतक्रार बजावीत आली आहे.