कोंडा, तेल आणि शिकेकाई

आमच्या घरी रविवारी न्हाणं असे. आधी डोक्यावर कोमट खोबरेल थापायचं, तासभर मुरू द्यायचं, मग शिकेकाई-रिठ्याच्या पाण्यानं धुवायचं. माझ्या डोक्यात पिवळट खपल्या धरू लागल्या, खाज सुटली, तेव्हा आजीचं निदान ठरलेलं: 'डोकं कोरडं पडलंय, तेल घाल.' तेल वाढलं, खपल्याही वाढल्या.

आजीचा दोष नव्हता. वैद्यकालाही हे कोडं सुटायला शंभर वर्षं लागली. १८७४ साली लुई-शार्ल मालासे या फ्रेंच संशोधकाला कोंड्याच्या खपल्यांत यीस्टच्या पेशी दिसल्या. १८८७ साली हॅम्बुर्गच्या पॉल उना यांनी या त्वचादाहाचं वर्णन केलं. पण त्या पेशी रोगाचं कारण की नुसत्या पाहुण्या, हा वाद रेंगाळला. १९८०च्या दशकात केटोकोनाझोलसारख्या बुरशीनाशकांनी रुग्णांना उतार पडू लागला, तेव्हा पारडं मालासेच्या बाजूला झुकलं. त्या बुरशीला आज 'मालासेझिया' म्हणतात. ती सगळ्यांच्याच डोक्यावर असते. काहींची त्वचा तिच्यावर चिडते. ती स्निग्धावर जगते. प्रयोगशाळेत तिला वाढवायचं तर ऑलिव्ह तेल घालतात!

म्हणजे आमच्या न्हाण्यात आधी बुरशीला जेवण होतं आणि मग ताटं धुणं. शिकेकाई-रिठ्यातली सॅपोनिनं फेस करतात, तेल-मळ सोडवतात. हे काम खरं, पण ते सफाईचं, उपचाराचं नव्हे.

मग वनस्पतीत उपचार नाहीच? आहे. ऑस्ट्रेलियातल्या बंडजालुंग लोकांच्या औषधांतलं एक झाड म्हणजे टी ट्री. सिडनीच्या आर्थर पेनफोल्ड यांनी १९२०च्या दशकात त्याच्या तेलाची जंतुनाशक शक्ती तपासली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२६ कोंडाग्रस्तांपैकी काहींना या तेलाचा ५ टक्क्यांचा शाम्पू दिला, उरलेल्यांना बिनतेलाचा. रोज लावून तीन मिनिटं ठेवायचा, चार आठवडे. कोंड्याची तीव्रता पहिल्या गटात ४१ टक्क्यांनी घटली, दुसऱ्यात ११. चाचणी सौम्य ते मध्यम कोंड्याची होती, लालसर दाहाची नव्हे. शिवाय शिळ्या टी ट्री तेलानं काहींना ॲलर्जीही होते.

तेव्हा बाटलीवरच्या हिरव्या पानाला विचारायचा प्रश्न एकच: तू बुरशीला मारतोस, धुतोस, की जेवू घालतोस? 'नैसर्गिक' या शब्दात तिन्ही उत्तरं मावतात.