विजयदुर्गाचे कट्टे आणि हेलियमची तारीख

विजयदुर्ग किल्ल्यातील ‘साहेबाचे कट्टे’ पाहायला जाणाऱ्याला एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच कट्ट्यांवर दुर्बीण रोवून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, अशी ती गोष्ट. दरवर्षी त्या तारखेला तेथे हेलियम दिनही साजरा होतो. या कथेतील शास्त्रज्ञ खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरे. अडचण एवढीच, की त्या दिवशी लॉकयर लंडनमध्ये होता.

१८६८च्या ग्रहणाची सावली अरबी समुद्रावरून कोकण किनाऱ्यावर आली आणि विजापूर, गुंटूरवरून मच्छलीपट्टणमकडे गेली. खग्रास अवस्था पाच मिनिटांहून अधिक टिकणार होती. वर्णपटदर्शक हे नवे उपकरण हाती आल्यानंतरचे हे पहिलेच मोठे ग्रहण. सूर्यप्रकाश लोलकातून पसरवला की त्यातील रेषांवरून मूलद्रव्ये ओळखता येतात, हे बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी दाखवून जेमतेम आठ-नऊ वर्षे झाली होती. ग्रहणात सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या तांबड्या ज्वाला कशाच्या असतात, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता.

फ्रान्सचा ज्यूल जान्सेन गुंटूरला उतरला होता. रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होता. दोघांनाही ज्वालांच्या वर्णपटात सुट्या, तेजस्वी रेषा दिसल्या. याचा अर्थ ज्वाला तप्त वायूच्या होत्या. त्या रेषांत एक पिवळट-नारिंगी रेषा होती. हर्शेलने ती सोडियमची मानली, आणि त्यात त्याची चूक काढणे अन्याय्य ठरेल. धावत्या मिनिटांत, हाताने मापे घेणाऱ्या माणसाला दोन इतक्या जवळच्या रेषांतला फरक कसा कळावा?

जान्सेनचे खरे यश निराळे होते. त्या रेषा इतक्या प्रखर होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असे त्याच्या मनाने घेतले. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, भर उन्हात त्याने त्या पाहिल्या. लोलकांनी प्रकाश जितका पसरवावा तितका आकाशाचा सलग उजेड फिका पडतो, ज्वालांच्या रेषा मात्र तशाच ठळक राहतात.

हीच कल्पना लंडनमध्ये लॉकयरला दोन वर्षे आधी सुचली होती. तो युद्धखात्यात कारकून. खगोलशास्त्र हा फावल्या वेळचा छंद. हवे तसे उपकरण तयार होऊन मिळेपर्यंत १८६८चा ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला, कोणत्याही ग्रहणाविना, त्याला त्या रेषा दिसल्या. हिंदुस्थानातून निघालेले जान्सेनचे पत्र आणि लॉकयरचे निवेदन पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला पोहोचले. फ्रेंच सरकारने पुढे १८७२ साली दोघांच्या मुद्रा असलेले पदकच पाडले.

पण पदक होते ते पद्धतीसाठी. नव्या मूलद्रव्याचा दावा जान्सेनने केलाच नव्हता. तो विचार लॉकयरचा, आणि तो सवडीने घेतलेल्या मापांतून आला. सोडियमच्या जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येतात. सूर्यावरची ही रेषा ५८७.५च्या आसपास होती. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंडबरोबर प्रयोगशाळेत खटपट करूनही ती कोणत्याही ज्ञात वायूतून मिळेना. १८७१ साली विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांच्या अध्यक्षीय भाषणात ‘हेलियम’ हे नाव छापून आले. ग्रीक भाषेत हेलिओस म्हणजे सूर्य. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांनी ते मनावर घेतले नाही. कुपीत सापडत नाही त्याला मूलद्रव्य कसे म्हणावे, हा त्यांचा आक्षेप रास्तच होता. अखेर मार्च १८९५मध्ये लंडनच्या विल्यम रॅमझीने क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून वायू मिळवला आणि तीच पिवळी रेषा पृथ्वीवर प्रथमच हाती लागली.

मग विजयदुर्गावरचे कट्टे कोठून आले? ते दुसऱ्या ग्रहणाचे. २२ जानेवारी १८९८ रोजी सावली पुन्हा कोकणावरून गेली आणि या वेळी लॉकयर खरोखरच विजयदुर्गावर होता. एकसष्ट वर्षांचा, नुकताच ‘सर’ झालेला, जगभर मान असलेला साहेब. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्याने मदतीला घेतले होते. खग्रास अवस्था होती फक्त दोन मिनिटांच्या आसपास. लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या वर्णावरणाची छायाचित्रे घेण्यात आली. हेलियम प्रयोगशाळेत सापडून तीनच वर्षे झाली होती, त्यामुळे आकाशातील रेषा कुपीतील रेषांशी ताडून पाहण्याची सोय आता होती. किनाऱ्यावर हे चालले असताना मुंबई इलाख्यात प्लेगचा कहर होता आणि टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. गावाच्या स्मरणात साहेब राहिला, हेलियमही राहिले. काळाच्या ओघात दोन ग्रहणे तेवढी एकात मिसळून गेली.

त्याच दिवशी जेऊर येथेही दुर्बिणी लागल्या होत्या. तेथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथक होते, आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या साहित्यासह आले होते. त्यांचा अहवाल १९०२ साली पुस्तकरूपाने निघाला. पुण्याची त्यांची वेधशाळा १९१२ साली बंद झाली आणि तेथील मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. भावनगर संस्थानच्या देणगीतून ती घेतलेली असल्याने तिला आजही भावनगर दुर्बीण म्हणतात.