नळाला पाणी आणायचा खर्च कोण करतं? खारपाणपट्ट्याचा हिशेब

अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पूर्णा नदी वाहते. तिच्या खोऱ्यातल्या शेकडो गावांत जमिनीखालचं पाणी खारट आहे. या भागाला 'खारपाणपट्टा' म्हणतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतली अनेक गावं त्यात येतात. इथे बोअरला पाणी लागलं तरी ते पिण्यासारखं असेलच असं नाही. गोडं पाणी लांबच्या धरणावरून नळाने आणावं लागतं, आणि त्याला पैसा लागतो. हा पैसा येतो कुठून?

पैशाच्या तीन वाटा

जगात कुठेही पाणी आणि स्वच्छतेच्या सोयींचा खर्च शेवटी तीनच ठिकाणांहून निघतो: वापरणाऱ्यांची पाणीपट्टी, सरकारने गोळा केलेला कर आणि बाहेरून मिळालेली मदत किंवा देणगी. कर्ज ही चौथी वाट नाही. ते आज मिळतं, पण उद्या याच तीन वाटांमधून फेडावं लागतं.

सर्वांना सुरक्षित पाणी आणि शौचालय द्यायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट २०३० सालचं आहे. त्यासाठी विकसनशील देशांना केवळ उभारणीवर दरवर्षी सुमारे ११४ अब्ज डॉलर लागतील, असा जागतिक बँकेचा २०१६ सालचा अंदाज होता. तेव्हा होत असलेल्या खर्चाच्या तो सुमारे तिप्पट होता.

योजना बांधायला पैसा कोण देतं?

मुख्यतः सरकार. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज किमान ५५ लिटर पाणी, हे त्याचं लक्ष्य. सुरुवातीचा अंदाजित खर्च ३.६० लाख कोटी रुपये होता आणि त्यात केंद्राचा वाटा २.०८ लाख कोटी. महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा भार उचलतात. मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली.

गावालाही वाटा द्यावा लागतो. गावातल्या कामांच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी अपेक्षित आहे. डोंगराळ किंवा जंगलातल्या आणि निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांसाठी ती ५ टक्के आहे. मेळघाटातली गावं यात मोडतात. वर्गणी पैशात, वस्तूत किंवा श्रमदानातही देता येते.

खारपाणपट्ट्यात खर्च जास्त का?

जिथे विहिरीचं पाणी गोड आहे, तिथे विहीर, पंप आणि टाकी असली की गावाचं भागतं. खारपाणपट्ट्यात एका धरणावरून अनेक गावांना पाणी देणाऱ्या 'प्रादेशिक' योजना कराव्या लागतात. अकोट-तेल्हारा भागातली ८४ खेडी योजना वान धरणावर आहे. दर्यापूर-अंजनगाव भागातल्या गावांना शहानूर धरणाचं पाणी मिळतं.

अशा योजनेत लांबच लांब पाइपलाइन, जलशुद्धीकरण केंद्र, पंपांचं वीजबिल, गळती दुरुस्ती आणि माणसांचा पगार असा खर्च असतो. तो उद्घाटनानंतर दरमहा सुरूच राहतो. योजना जीवन प्राधिकरण किंवा जिल्हा परिषद चालवते आणि गावाला त्या पाण्याचे पैसे भरावे लागतात.

पाणीपट्टी थकली तर काय होतं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गावात ५०० घरं आहेत आणि पाण्याचा वर्षाचा खर्च ६ लाख रुपये आहे. म्हणजे घरामागे वर्षाला १,२०० रुपये, महिन्याला १००. निम्म्या घरांनीच पट्टी भरली, तर जमा होतात ३ लाख. उरलेल्या ३ लाखांची थकबाकी चढते. मग वीजबिल अडतं, दुरुस्ती लांबते, पाणी आठ-दहा दिवसांआड येऊ लागतं. पाणीच येत नाही तर पट्टी कशाला भरायची, असं लोक म्हणतात आणि थकबाकी आणखी वाढते. शेवटी ज्याच्याजवळ पैसा आहे तो कॅन विकत घेतो, आणि गरिबाच्या वाट्याला पुन्हा खारं पाणी येतं.

थोडा आधार वित्त आयोगाचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला: ३० टक्के पाण्याला, ३० टक्के स्वच्छतेला.

शहरांचं गणित वेगळं

अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचं पाणी मिळतं आणि पुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करतं. अकोल्याला काटेपूर्णा धरणाचं पाणी मिळतं आणि पुरवठा महापालिका करते. अमृत २.० या केंद्राच्या योजनेत १ ते १० लाख लोकसंख्येच्या शहरांना प्रकल्पखर्चाचा एक तृतीयांश भाग केंद्र देतं. ही दोन्ही शहरं त्याच गटात आहेत. उरलेला भाग राज्याला आणि शहराला उभा करावा लागतो.

पुणे महापालिकेने पाणी योजनेसाठी २०१७ मध्ये कर्जरोखे काढून २०० कोटी रुपये उभे केले, व्याज ७.५९ टक्के. पण महापालिकेची वसुली चांगली असेल तरच गुंतवणूकदार असा पैसा देतात. वसुली कमी असलेल्या शहराला अनुदानाचीच वाट पाहावी लागते.

संडास बांधला, पुढे?

स्वच्छ भारत मिशनमध्ये पात्र ग्रामीण कुटुंबाला शौचालयासाठी १२,००० रुपये मिळतात. त्यातून बांधकाम होतं. टाकी भरल्यावर मैला उपसणं, सांडपाण्याची व्यवस्था आणि रोजची सफाई हा खर्च मात्र वेगळाच राहतो. तो घरावर आणि ग्रामपंचायतीवर येतो.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी हातात झाडू घ्यायचे. त्यांच्या नावाने राज्यात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यात बक्षीस गावाला मिळतं, पण त्यासाठी आधी गावाने एकत्र येऊन काम करावं लागतं.

ग्रामसभेत काय विचारता येतं?

योजनेचा वर्षाचा खर्च किती, पट्टी किती जमली, वीजबिल किती थकलं आणि वित्त आयोगाचे राखीव पैसे कुठे खर्च झाले, हे चार प्रश्न ग्रामसभेत कोणालाही विचारता येतात. योजना किती कोटींची, हे गावातल्या फलकावर लिहिलेलं असतं. ती पुढच्या उन्हाळ्यात चालेल की नाही, हे या चार उत्तरांवरून कळतं.