भीमाशंकरचा रात्री उडणारा भुंगा

बहुतेक मधमाश्या दिवसा उडतात. झायलोकोपा ट्रँक्वेबारिका हा भुंगा मात्र रात्रीच बाहेर पडतो, अगदी अमावास्येच्या काळोखातही. भीमाशंकरच्या अरण्यात याच्या दोन भाऊबंद जाती आहेत. त्यांपैकी ल्यूकोथोरॅक्स दिनचर आहे. टेनुइस्कापा दिवसा वावरतो, पण चांगले चांदणे असेल तर रात्रीही उडतो.

तिन्ही जातींत पोळे नाही आणि कामकरी माश्यांचा ताफाही नाही. मादी वाळक्या लाकडात बीळ कोरते. लाकूड ती खात नाही; भुसा बाहेर लोटते आणि त्यातलाच थोडा लाळेत कालवून खोल्यांमधले पडदे उभारते. प्रत्येक खोलीत पराग आणि मधुरसाचा एक गोळा, त्यावर एकच अंडे. झायलोकोपांची अंडी कीटकांतल्या सर्वांत मोठ्या अंड्यांत मोडतात.

खरा प्रश्न डोळ्यांचा आहे: इतक्या काळोखात ट्रँक्वेबारिकाला दिसते कसे? निशाचर पतंगाच्या डोळ्यात अनेक भिंगांतला प्रकाश एका ठिकाणी गोळा होतो. भुंग्याच्या डोळ्यात प्रत्येक भिंगाचा प्रकाश त्याच्याच खालच्या पेशींना मिळतो. ही रचना मुळात उजेडासाठीची. ट्रँक्वेबारिकात ती बदललेली नाही, फक्त वाढली आहे: भिंगे मोठी, त्यांखालचे प्रकाशग्राही दांडे रुंद, माथ्यावरचे तीन साधे डोळेही ठसठशीत. तेवढ्यानेही हिशेब पुरा होत नाही. शेजारच्या भिंगांचे क्षीण संकेत मज्जासंस्था एकत्र करत असावी, असे मानावे लागते. त्यात बारकावे हरवणारच.

तरीही रंग हरवत नाहीत. हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस आणि स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवून दिले की, बिळाच्या तोंडाशी ठेवलेल्या खुणेचा रंग हा भुंगा ताऱ्यांच्या प्रकाशात ओळखतो. त्या उजेडात माणसाला सगळे करडेच दिसते. या अरण्याबद्दलचा याहून विलक्षण शोध मला ठाऊक नाही.

भुंग्यांच्या रात्रीच्या फेऱ्यांवर झाडांचेही भवितव्य अवलंबून आहे. वारस नावाच्या झाडाची सुवासिक फुले रात्री उमलतात, आणि दुसऱ्या झाडाचा पराग मिळाल्याखेरीज त्याला फळ धरत नाही. हा पराग टेनुइस्कापा रात्री पोचवतो.

म्हणून जंगलातले वठलेले खोड निरुपयोगी समजून जळणासाठी तोडू नये. भुंग्याची पुढची पिढी त्याच लाकडात वाढत असते.